भिंतीबाहेरची केझाया

फेनिक, मॅसॅच्युसेट्स
९ नोव्हेंबर २०१७

श्रीमती लोरेटा किम्ब्रो यांस,

आपली ओळख नाही. मी ड्रुसिला पीझली, वय चौऱ्याहत्तर, लग्नाच्या भानगडीत पडले नाही. गावच्या कचेरीत कारकून होते, आता निवृत्त आहे आणि लोकांना त्रास देते. तुम्हाला संगणकावर दोनदा निरोप धाडला, उत्तर नाही. पत्राला उत्तर दिलं नाही की माणसाला जराशी लाज वाटते, म्हणून हे पत्र.

मुद्द्याचं बोलते. आमच्या गावात जुनं कब्रस्तान आहे, भोवती दगडी भिंत. भिंतीच्या आत चांगली माणसं. भिंतीबाहेर, रस्त्याच्या कडेला, एकच बाई पुरलेली आहे, केझाया लूमिस. वय बावीस. चर्चचे डीकन, म्हणजे मानाचे कारभारी, एलिफलेट वॉडली यांच्या घरी ती कामाला होती. लग्न झालेलं नव्हतं, कोणाला न कळवता बाळंत झाली, आणि मूल मेलेलं सापडलं. तेव्हाचा कायदा असा की बिनलग्नाच्या बाईने एकटीने बाळंत व्हायचं नाही. झाली आणि मूल मेलेलं निघालं, तर तिनेच मारलं असं धरून चालायचं. १७३८ च्या नोव्हेंबरात तिला फाशी दिलं. तिची बहीण डॉर्कस. मी डॉर्कसच्या लेकीच्या लेकीची, अशी खाली उतरत आलेली.

येत्या एप्रिलमध्ये तो रस्ता रुंद होणार. केझायाला उचलावं लागणार. सरकारी लोक म्हणतात, हाडं पेटीत घालून कोठारात ठेवू. मी म्हणते, भिंतीच्या आत आणू. पण आत जागा उरली आहे ती फक्त डीकन वॉडलींच्या घराण्याच्या राखीव चौथऱ्यात, आणि तिथे कोणाला ठेवायचं तर वॉडलींच्या वारसाची लेखी संमती लागते. दफ्तरात वारस म्हणून तुमच्या मातोश्रींचं नाव आहे, व्हर्ना हॅलम. मार्चमध्ये गावसभा आहे. त्याआधी त्यांची सही हवी.

एक गंमत सांगते. तुम्ही गालाच्या आतून फिरवलेला फाया वंश तपासायला पाठवलात ना? माझ्या भाचीने माझाही पाठवला होता. प्रयोगशाळा म्हणते, आपण दोघी नातेवाईक. कशा, ते मला अजून उमगलेलं नाही.

ड्रुसिला पीझली

*

झीनिया, ओहायो
२४ नोव्हेंबर

प्रिय मिस पीझली,

अहो, लाज कसली, मी आमच्या बियाणांच्या दुकानात इतकी अडकलेली असते की संगणकाकडे बघायला होत नाही. तुमचं पत्र वाचून खूप हसले, आणि मग हसू थांबलं.

फेनिकचे डीकन वॉडली म्हणजे आमच्या घरातला देव. त्यांची तसबीर आईच्या जेवणघरात आहे. ज्या बायकांना आपलं कूळ वसाहतीच्या काळापर्यंत सिद्ध करता येतं, त्यांचं एक मंडळ आहे इथे. आई त्याची वीस वर्षं अध्यक्षा होती. आमची वंशावळ ती जेवताना म्हणून दाखवते. डीकनची बायको मेहिटेबल, तिची धाकटी लेक टॅमसिन, टॅमसिनची लेक, तिची लेक, करत करत आई आणि मी. मध्ये एकही पुरुष नाही. आईला त्याचा केवढा तोरा आहे म्हणून सांगू!

तेव्हा सहीचं विसरा. अहो, ज्या घराने त्या मुलीला आसरा दिला त्यांच्याच घरात तिने तान्ह्या जिवाचा गळा दाबला. तिला डीकनच्या शेजारी झोपवायचं? आईला नुसतं विचारलं तरी तिच्या हातातली काठी माझ्या पाठीत बसेल. शिवाय सप्टेंबरात तिला झटका येऊन गेलाय. डॉक्टर म्हणाले, मनाला धक्का नको.

नात्याचं मात्र छान झालं. मला कझिन नाहीतच. लोरेटा म्हणा.

लोरेटा

*

फेनिक
५ डिसेंबर

प्रिय लोरेटा,

'गळा दाबला' कुठून आणलंस? मी कोर्टाचा निकाल पंचवीस वेळा वाचलाय, त्यात कुठेही गळा नाही. मूल लाकडाच्या खोपीत सापडलं, अंगावर खूण नव्हती, एवढंच आहे. लोकांनी तीनशे वर्षांत गळा चिकटवला.

आता नीट ऐक, कारण मला चार रात्री झोप नाही. भाचीला बसवून मी ते प्रयोगशाळेचं समजून घेतलं. आपली तपासणी साधी नव्हती. ती डीएनएच्या फक्त आईकडून येणाऱ्या भागाची होती. आई तो लेकीला देते, लेक तिच्या लेकीला, बापाचा त्यात छदामही नाही. माझ्यातला तो भाग डॉर्कस लूमिसकडून आलाय. तुझ्यातला यायला हवा मेहिटेबल वॉडलीकडून. आणि आपल्या दोघींचा हुबेहूब एक निघाला. साधासुधाही नाही, फार थोड्या लोकांत सापडणारा.

मग तुझी टॅमसिन लूमिसांच्या रक्ताची कशी झाली गं?

मला एकच उत्तर सुचतं आणि ते लिहायला हात धजत नाही. तू विचार कर. आणि आपण जर बहिणी-बहिणींच्या लेकी असू, तर मला मावशी म्हटलंस तरी चालेल.

ड्रू

*

झीनिया
१८ डिसेंबर

प्रिय ड्रू,

मीही वाचलं. दुकानात शुकशुकाट होता. मेहिटेबल आणि तुमच्या लूमिस बहिणी यांची एखादी आजी इंग्लंडमध्ये एकच असेल. एकाच गावातून जहाजभर माणसं आली तेव्हा. निम्मी एकमेकांची कोणी ना कोणी लागत होती. इतकं सोपं आहे हे, आणि तुम्ही काय भलतंच मनात आणताय!

तुम्ही काय सुचवताय ते कळतं मला. मूर्ख नाही मी. टॅमसिन मोलकरणीची, असंच ना? मग खोपीतलं मूल कोणाचं? आणि केझायाचं मूल जिवंत होतं, तर ती कोर्टात बोलली का नाही? फाशी जायची हौस होती का तिला?

मेहिटेबलबद्दल तरी असं बोलू नका. आमच्याकडे पिढ्यान्पिढ्या सांगतात, केझाया तुरुंगात होती तेव्हा दर गुरुवारी मेहिटेबल घोड्यावर बसून तिला बायबल वाचून दाखवायला जायची. दहा मैल! तान्ह्या टॅमसिनला शालीत गुंडाळून बरोबर न्यायची. आपल्याच घराला काळं फासणाऱ्या बाईसाठी कोण करतं एवढं? आई हे सांगताना अजून डोळे पुसते.

नाताळच्या शुभेच्छा. हा विषय आता पुरे.

लोरेटा

*

फेनिक
११ जानेवारी

लोरेटा,

पुरे नाही.

तुझी ती इंग्लंडमधली आजी मी गंभीरपणे घेतली. घेतली म्हणून नाताळ फुकट गेला. मेहिटेबलला टॅमसिनच्या आधीची एक लेक होती, रूथ. रूथच्या लेकींची साखळी मी धरली, आणि पोर्टलँडमध्ये एक बाई सापडली. दातांची डॉक्टर आहे, गोड आहे, तपासणीला लगेच हो म्हणाली. टॅमसिन आणि रूथ एका आईच्या पोटच्या असतील, तर ती आणि तू सारख्या निघायला हव्यात.

काल निकाल आला. तुझं आणि तिचं काही म्हणजे काही जुळत नाही. तिच्यात मेहिटेबल आहे. तुझ्यात नाही. तुझ्यात माझ्याकडची आहे.

आता तू विचारलेलं सांगते. त्या काळी बाळंतपण म्हणजे बायकांचा मेळा. सुईण आणि शेजारच्या पाच-सहाजणी. लग्नाची बाई असेल तर बिअर आणि केक. बिनलग्नाची असेल तर मात्र कळा ऐन भरात आल्या की सुईण हात मागे घ्यायची आणि विचारायची, बाप कोण? नाव सांगेपर्यंत हात लावायचा नाही. अशा वेळी बाई खोटं बोलत नाही अशी त्यांची समजूत, आणि ते नाव कोर्टात चालायचं. म्हणून सगळे म्हणतात, केझायाने बायकांना बोलावलं नाही कारण तिला नाव सांगायचं नव्हतं. मीही जन्मभर तेच म्हणत आले.

पण अगं, मेहिटेबलच्या बाळंतपणालाही कोणी नव्हतं! साक्षीत आहे ते. मोठं वादळ झालं होतं, बर्फ खिडकीपर्यंत. वाट मोकळी झाल्यावर शेजारणी आल्या, तेव्हा मेहिटेबलच्या कुशीत जिवंत मुलगी आणि खोपीत मेलेला मुलगा. दोघी बाया एकाच घरात, एकाच वादळात बाळंत झालेल्या, आणि मेलेलं मूल कोणाचं हे कोणी विचारलंसुद्धा नाही. मालकिणीचं जिवंत, मोलकरणीचं मेलेलं. असंच असणार, नाही का!

आणि ती का बोलली नाही? कोणी विश्वास ठेवला असता? ठेवला असता तरी काय? टॅमसिन अनौरस ठरली असती. बापाविना पोर गाव पोसत नसे, जो गावाकडून कमीत कमी पैसे घेऊन सांभाळेल त्याच्या दारात टाकत. गप्प बसली तर तीच पोर डीकनची लेक. ती गप्प बसली, लोरेटा. दोराखाली उभं राहीपर्यंत गप्प बसली.

मग तुझे गुरुवार. मला आजवर त्या मेहिटेबलचा राग होता, ढोंगी बाई म्हणून. काल रात्री मी स्वयंपाकघरात उभी राहून ढसाढसा रडले. बायबल वाचायला तान्हं मूल कशाला लागतं? ती पोरीला आईकडे नेत होती गं.

सही २८ फेब्रुवारीपर्यंत पोचली पाहिजे. आईला सांग.

ड्रू

*

झीनिया
२० जानेवारी

मिस पीझली,

आईला मी काहीही सांगणार नाही.

तुमचं खरं असेल. तुमचं पत्र वाचून मी दुकानामागच्या गोदामात जाऊन बसले होते. पण खरं आहे म्हणून ते अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या बाईच्या डोक्यात घालायचं? काय सांगू तिला? की ज्या डीकनच्या तसबिरीखाली तू आयुष्यभर जेवलीस, त्याने घरातल्या पोरीला नासवलं, स्वतःच्या बायकोचं मेलेलं मूल तिच्या पदरात घातलं आणि फाशीच्या दिवशी पहिल्या रांगेत उभा राहिला? आईला माणसं फार नव्हती हो. बाबा दारू प्यायचे. ही वंशावळच तिची होती. तिच्या जिवावर ती ताठ मानेने जगली.

केझायाला तीनशे वर्षं झाली मरून. तिला आता काही दुखत नाही. माझी आई जिवंत आहे.

पुन्हा लिहू नका.

लोरेटा किम्ब्रो

*

फेनिक
३ फेब्रुवारी

लोरेटा,

लिहू नका म्हणालीस आणि मी लिहिते आहे, कारण माझा स्वभावच वाईट.

काल रस्त्याचे लोक आले होते. केझायाच्या जागेवर नारिंगी झेंडी ठोकून गेले. त्यांच्यातला एक म्हणाला, हीच का ती पोराला मारणारी? मी त्याला जे सुनावलं ते इथे लिहीत नाही.

तू म्हणतेस, डीकनने नासवलं. बाप कोण ते केझायाने सांगितलं नाही. तिने नाही सांगितलं, तर मीही सांगायची नाही. मला फक्त तिला आत आणायचं आहे. आणि तुझी आई ही बाहेरची कोणी नाही. ज्या मुलीसाठी केझाया मेली तिची ती वंशज आहे. तिला विचारायचं नाही आणि तिच्या वतीने नकार द्यायचा, हा अधिकार तुला कोणी दिला?

तुला जमत नसेल तर मी तुझ्या आईला थेट लिहिते. पत्ता माझ्याकडे आहे. पंधरा तारखेपर्यंत वाट बघीन.

ड्रू

*

झीनिया
१७ फेब्रुवारी

मिस पीझली,

शेवटी केलंतच ना, तेही पंधरा तारखेच्या आधी!

सोमवारी आईकडे गेले तर जेवणघराच्या भिंतीवर नुसता पांढरा चौकोन. डीकन जमिनीवर, भिंतीकडे तोंड करून. आई खुर्चीत. म्हटलं, आई, काय झालं? तर म्हणाली, "तुला माहीत आहे काय झालं ते." त्यानंतर माझ्याशी एक शब्द नाही. दार उघडते, चहा ठेवते, बोलत नाही. काल तिचा रक्तदाब इतका चढला की नर्सला बोलवावं लागलं. मी बाहेर जिन्यावर बसून देवाची करुणा भाकत होते.

तिला काही झालं तर मी तुम्हाला कधीच क्षमा करणार नाही. तुमच्या केझायालाही नाही. तुम्हाला एका मेलेल्या बाईला जिंकवायचं होतं, त्यासाठी तुम्ही जिवंत बाई पणाला लावलीत. सही विसरा. जन्मात मिळणार नाही.

लो. कि.

*

फेनिक
२१ फेब्रुवारी

लोरेटा,

मी पत्र टाकलं नाही.

लिहिलं होतं. पाकीट बंद केलं, तिकीट लावलं, पोस्टाच्या पेटीपर्यंत गेले आणि परत आले. तुझं वाक्य आठवलं, 'तिच्या जिवावर ती ताठ मानेने जगली'. माझ्या आईचंही असंच होतं, फक्त तिच्याकडे वंशावळ नव्हती, चिनी मातीची भांडी होती. ते पाकीट या पत्रासोबत पाठवते आहे. डकवलेलं आहे, बघ. जाळून टाक.

मग तिला कळलं कसं? माझी पत्रं तू कुठे ठेवतेस?

माझी बाजू आता संपली. संमतीशिवाय गावसभेचे अध्यक्ष तो विषय बाजूला ठेवतील, आणि एप्रिलमध्ये पेटी येईल. मी पेटीबरोबर जाईन, कोठारापर्यंत. कोणीतरी जायला हवं. तुझी आई कशी आहे तेवढं एका ओळीत कळव. मला खरंच काळजी वाटते.

ड्रू

*

झीनिया
२७ फेब्रुवारी

ड्रू,

पावाच्या डब्याखाली. माझ्याच स्वयंपाकघरात. आई दर रविवारी जेवायला येते आणि पाव तीच कापते. नोव्हेंबरपासूनची सगळी पत्रं तिने वाचली आहेत, ओळीने, आणि वाचून जिथल्या तिथे ठेवली आहेत. मी सांगीन म्हणून वाट बघत होती. मी तुम्हाला वाट्टेल ते बोलले. माझं तोंड काळं झालंय, दुसरं काय लिहू.

तिचा राग डीकनवर आहे की माझ्यावर, मला कळत नाही. तुम्ही तुमचं बंद पाकीट पाठवलंत ते मी तिच्यापुढे ठेवलं. तिने फोडलं नाही. एवढंच म्हणाली, "ही बाई बरी आहे. तुझ्यापेक्षा बरी."

आज सकाळी माझ्या टेसला, म्हणजे माझ्या लेकीला, फोन करून तिने गाडी मागवली आहे. कशाला ते मला सांगत नाहीत. मी येते म्हटलं तर टेस म्हणाली, "आजी नको म्हणते." मला भीती वाटते, ड्रू. थंडी किती आहे! सही ती मला देत नाही आणि नाहीही म्हणत नाही.

लोरेटा

*

फेनिक
६ मार्च

लोरेटा,

दोघी सुखरूप आहेत. तुझी आई माझ्या पाहुण्यांच्या खोलीत घोरते आहे. टेसने फोन केलाच असेल, पण ती पोर फोनवर रडत होती, तिने काय सांगितलं असेल देव जाणे. म्हणून नीट लिहिते. तुझी आई तुला सांगायची नाही.

आज गावसभा होती. सभागृह गच्च भरलं होतं. बायका मागे बीन्स आणि डोनट विकत होत्या. दुपारपर्यंत शाळेचं छप्पर आणि अग्निशमनाची गाडी यांवर तंटा चालला. मग केझायाचा विषय आला. अध्यक्ष म्हणाले, वॉडली वारसाची संमती आलेली नाही, सबब... एवढ्यात मागचं दार उघडलं. काठी वाजली. मी वळून पाहिलं. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, पण ओळखलं. अगं, ती माझ्या आजीसारखी चालते!

बाहेरगावच्या माणसाला सभेत बोलायचं तर सभेची परवानगी लागते. अध्यक्षांनी विचारलं, कोणाची हरकत? कार्ल हूटन उठला, त्याची नेहमीच असते. म्हणाला, "बाईंना बोलू द्या, पण एक लक्षात ठेवा. कोर्टाने तिला दोषी ठरवलंय. तेव्हाची माणसं काय वेडी होती? मेलेलं मूल मेलेलं असतं."

तुझी आई पुढे आली. टेस हात धरायला गेली तर तिने झटकला. कागद नाही, टिपण नाही. म्हणाली,

"मी व्हर्ना हॅलम. वीस वर्षं मी ओहायोत बायकांना सांगत होते की मी मेहिटेबल वॉडलीची. ते चुकीचं होतं. मी केझाया लूमिसची आहे. तिने स्वतःचं मूल मारलं म्हणून तुम्ही तिला फासावर चढवलंत. तिचं मूल तर जगलं, ती मुलगी मोठी झाली. तिला मुली झाल्या. त्यांना मुली झाल्या. त्यातली मी एक." मग ती कार्लकडे वळली. "मी अठ्ठ्याऐंशीची आहे. सकाळी दोन अंडी खाल्ली. मी तुम्हाला मेलेली दिसते का?"

कार्ल खाली बसला. तुझ्या आईने तिथेच अध्यक्षांच्या टेबलावर सही केली. हात वर करून मत घेतलं, तेव्हा विरोधात एकही हात नव्हता. कार्लचाही नाही.

बाहेर पडल्यावर मी म्हटलं, घरी चला, गारठून जाल. नाही म्हणाली. कब्रस्तानाच्या भिंतीशी, झेंडीपाशी नेलं तिला. बर्फ घोट्यापर्यंत होतं. खूप वेळ उभी राहिली. मला वाटलं प्रार्थना करते आहे, म्हणून मी आणि टेस जरा मागे थांबलो. मग ती वाकली, हातमोजा काढला, उघड्या हाताने बर्फ बाजूला सारला आणि जमिनीवर तळवा टेकवला. हळूच बोलली, पण मला ऐकू आलं.

"चल गं आई. आत चल. बाहेर फार थंडी आहे."

तू ये, लोरेटा. एप्रिलमध्ये नको, आत्ता ये. ती तुझं नाव काढते आहे.

तुझी मावशी,
ड्रू